चिकटीला पाजलेलं दूध

आमच्या घरात मांसमच्छीचं नावही निघत नसे, आणि त्याच घराच्या ओट्यावर एका वर्षी माशा खाणाऱ्या झाडांची परळं ओळीनं मांडली गेली. हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात. त्यांना वाटतं, आजी आताशा काहीही जुळवून सांगते. हसू देत बापडी. ती झाडं मी माझ्या बोटांनी उकरून आणलेली आहेत, आणि त्यांच्या पानांवरचं ते भर उन्हातही न वाळणारं दव माझ्या बोटांना चिकटलेलं आहे. कधीकधी दुपारी पडल्या पडल्या डोळा लागला की तो चिकटपणा अजून बोटांना जाणवतो, आणि जागी होऊन मी हात पदराला पुसते.

घर म्हसावदचं. पुढे ओटा, मागे गोठा, आणि कपाशी घरात आली की माणसांनी अंग चोरून वावरायचं. माझे मोठे काका, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणे, ते घराचे कर्ते. माझे वडील नाना, त्यांचे धाकटे भाऊ. आणि माय. मायचं माहेर महानुभाव पंथाचं. दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय ती पाणी चुलीवर चढवायची नाही, आणि गाळलेलं फडकं पुन्हा विहिरीवर नेऊन झटकून यायची, त्यात अडकलेला एखादा जीव आपल्या घरी परत जावा म्हणून. सरपण चुलीत घालण्याआधी दोनदा आपटून घ्यायची. भाकरी झाल्या की परातीत उरलेलं पीठ चिमूटभर साखरेत कालवून ती गोठ्याच्या भिंतीशी जायची. तिथं मुंग्यांचं बीळ होतं. पीठ टाकून ती आपलं बोट जमिनीला टेकवून उकिडवी बसायची. मुंग्या बोटावर चढायच्या, हाताच्या मागच्या बाजूनं फिरून पुन्हा खाली उतरायच्या, आणि गुदगुल्या झाल्यासारखी माय एकटीच हसायची. आप्पा जेठ, म्हणजे थोरले दीर, त्यामुळे ते तिच्याशी थेट बोलत नसत, पण चिडवायचं सोडत नसत. ओट्यावरून मला हाक मारून म्हणायचे, "इंदी, तुन्ही मायले इचार, दिवाईले मुंग्यास्ले लुगडं लेवानं शे का?" आतून बांगड्यांचा आवाज यायचा, म्हणजे माय हसली असं समजायचं.

नानांचं कपाशीत मन नव्हतं. आप्पांना वाटे, धाकट्यानं जिनिंगच्या काट्यावर बसावं, गाड्या मोजून घ्याव्यात, चार माणसांत वावरावं. नानांना काट्यावर बसवलं की ते दुपारपर्यंत कुठल्या तरी नाल्याकाठी सापडायचे. गवताची, वेलींची, मुळांची त्यांना ओढ. आधी ते शहाद्याच्या एका वैद्यांना औषधी पाला वाळवून द्यायचे. त्यातच ते माशा धरणारं झुडूप त्यांच्या हाती लागलं. वैद्य ते कसल्याशा भस्मासाठी घेत. मग एका वर्षी तोरणमाळच्या बंगल्यात हवापालटाला आलेल्या सुरतेच्या एका पारशी शेठशी नानांची गाठ पडली. शेठना झाडांचं वेड. सुरतेला त्यांचं काचेचं घर होतं म्हणे, त्यात देशोदेशीची झाडं. त्यांनी नानांना बहिर्गोल भिंगातून ते पान दाखवलं, आणि तिथून नाना जे गेले ते गेलेच. वाळलेला पाला नको, जिवंत झाड आण, असं शेठ म्हणाले होते. दोनदा नानांनी पाठवलं आणि दोन्ही वेळा सुरतेला पोचेतो त्याचा काळा चिखल झाला. तरी शेठनी शब्द दिला होता: एक परळ जरी जितं पोचवलंस, तर सातपुड्यातली झाडं मला पुरवायचं काम कायमचं तुझं.

त्या वर्षी पोळ्यानंतर आप्पांनी नानांना समोर बसवलं. ओरडले नाहीत. त्यांचं न ओरडणंच घाबरवणारं असे. "कपाशी सोडीसन तू गवत इकी ऱ्हायना. लोकं मन्हा तोंडवर हसतस," ते म्हणाले. "दिवाई व्हवू दे. तुन्हं गवत जगनं ते तू मोकया. मरनं, ते काटावर येईसन बैस आनि पुन्हा डोंगरनं नाव काढू नको."

"औंदा जगी, आप्पा," नाना म्हणाले, आणि मान खाली घातली. दाराआड मी आणि माय उभ्या होतो. मायनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. काट्यावर बसलेले नाना कसे दिसतात ते आम्ही दोघींनी पाहिलं होतं. तिथून आले की ते जेवायचे, पण काय जेवले ते त्यांना सांगता यायचं नाही.

नाना मला तोरणमाळच्या डोंगरात घेऊन गेले. आप्पांनी "आंडेरनी जात, तिले डोंगरमा कसाले लई जास?" असं विचारलं, तर नाना म्हणाले, मुलगी असली तरी हिची बोटं लहान आहेत, मुळं तुटत नाहीत. ते खरंच होतं. राणीपूरपर्यंत बैलगाडी, पुढे घाट पायी. आता तिथवर मोटार जाते, लोक सहलीला जातात, डबे उघडून तळ्याकाठी बसतात. मी चढले तेव्हा ढग आमच्या खाली होते. चालता चालता कधी आपण ढगात शिरलो ते कळायचं नाही. नानांची पाठ दिसेनाशी व्हायची, नुसता त्यांच्या खांद्यावरच्या कावडीचा कर्रकर्र आवाज पुढे चालत राहायचा आणि मी त्या आवाजाचं बोट धरून जायची. वर सगळं ओलं होतं. गवत ओलं, दगड ओला, गाईंच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा आवाजसुद्धा ओला. तळ्याच्या अलीकडे एका उतारावर खडकातून पाणी झिरपत होतं आणि तिथं निळ्या फुलांचा सडा पडला होता. त्या फुलांना सीतेची आसवं म्हणतात. नाना म्हणाले, ही पण शिकारी आहेत, पण जमिनीखाली, कुणाला दिसू न देता. मी फुलांवर पाय पडू नये म्हणून चवड्यांवर चालू लागले.

आम्हाला हवी होती ती झाडं त्या फुलांच्या मधेमधे होती. रुपयाएवढी, जमिनीला चिकटून बसलेली, लाल. प्रत्येक पानावर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला थेंब. ऊन आलं की तो सगळा उतार लुकलुकायचा. शेठ त्याला इंग्रजीत काही म्हणत, आणि पुढे म्हातारपणी एका पुस्तकात मला त्याचं दवबिंदू असं गोड नाव सापडलं. आमच्या घरात त्याला चिकटी म्हणत. मी पालथी पडून बोटांनी माती सैल करायची, नाना तळहात खाली घालून ढेकळासकट उचलायचे. आमच्याबरोबर खेमा नावाचा पावरा आदिवासी होता, नानांचा जुना सोबती. तो दगडावर बसून भाजलेली मक्याची कणसं खात आमच्याकडे पाहत होता. "आमना ढोरेबी याले तोंड लावतस नही," तो मला म्हणाला, "आनि तुमी पाव्हना करीसन घर लई जातस!" मग त्यानं एक कणीस माझ्यापुढे धरलं. माझे हात चिकट होते, म्हणून मी ते त्याच्या हातातूनच खाल्लं.

मातीची उथळ परळं, त्यांत तळ्याकाठची माती, वर झाडं, आणि पाजायला पागोळीचं धरून ठेवलेलं पाणी, असा आमच्या ओट्याचा थाट झाला. एक परळ ओट्यावर मावेना, ते मी गोठ्याकडच्या पाण्याच्या रांजणाखाली ठेवलं. रांजण पाझरायचा, त्यामुळे त्याला पाणी घालावं लागत नव्हतं आणि हळूहळू त्याची आठवणही कुणाला राहिली नाही. गावातली माणसं झाडं बघायला यायची. मी परळांपाशी बसून माशी कशी बसते, कशी अडकते, पान कसं मिटतं, याचं वर्णन करायची. तोंडात तीळ भिजत नाही, असं मला सगळे म्हणत. दिवसा बोलून माझं पोट भरत नसे, म्हणून मी झोपेतही बडबडायची. त्या दिवसांत मी झोपेत झाडांशी बोलते, असं माय सांगे. स्वप्नंही तशीच पडत. सगळा ओटा लाल झाला आहे, थेंब मडक्याएवढे झाले आहेत, आणि त्यांतून आप्पा उलटे दिसताहेत.

मग कपाशी आली. गाड्या अंगणात रिकाम्या होऊ लागल्या, जिनिंगचा भोंगा सकाळ-संध्याकाळ वाजू लागला आणि हवेत कापसाची रुई उडायला लागली. ती सगळ्यांच्या केसांत, पापण्यांवर, वरणातसुद्धा. चिकटीवर बसली की ती निघायचीच नाही. पानं म्हातारीच्या डोक्यासारखी पांढरी दिसू लागली. नानांनी मायला सांगितलं, यांच्यावर मलमलीचं फडकं घाल. मायनं आपल्या जुन्या लुगड्याचे तुकडे धुऊन, काठ्यांवर ताणून सगळ्या परळांवर मांडव घातले. रुई थांबली. माशाही थांबल्या. हे नानांच्या लक्षात आलं असतं, पण त्याच सुमारास ते अंथरुणाला खिळले.

डोंगरातला हिवताप. दुपार झाली की त्यांना हुडहुडी भरायची, घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या तरी खाट थडथडायची. मग अंग तापायचं आणि ते उतारावरच्या पाण्याबद्दल काहीबाही बोलू लागायचे. माय त्यांच्या उशाशी. वैद्यांचा काढा, कपाळावर पट्टी, आणि दुसरं काही पोटात ठरेना म्हणून साखर घातलेलं गाईचं दूध. नानांना गोडाची भारी हौस. तापातही दुधात साखर कमी पडली तर त्यांना कळायचं. कापडाची वात दुधात भिजवून माय ती त्यांच्या ओठांत पिळायची. घर शांत झालं होतं. सूप, जातं, रवी, सगळ्यांचे आवाज दबलेले. मला तो काळ अजून दुधाच्या वासासकट आठवतो.

एका दुपारी मी ओट्यावर आले तर माय मलमलीचा मांडव उचलून तीच वात एकेका पानावर पिळत होती.

"माय, हाई काय करी ऱ्हायनी?"

"बिचारं भुक्यं शे वं. घरमा पाव्हनं आनं नि उपाशी ठेवं, असं कोठे ऱ्हास?"

"पन ते माशी खास."

"पोर मोठं व्हवापावत काय बी खास," माय म्हणाली. "आपुन जे खावाडूत ते खाई. तुन्हा बापले दूध चाली ऱ्हायनं, तेच यास्ले. दूध पीसन कोन मरस?"

मला ते पटलं. आजही मी त्यात तिची चूक काढू शकत नाही. तिच्या दारात आलेला एक जीव भुकेला होता आणि त्याचं अन्न म्हणजे दुसरा जीव. या दोन्हींच्या मधून तिनं एक वाट काढली होती, आणि ती वाट पांढरी होती, गोड होती, तिच्या नवऱ्याला जगवत होती. मीही तिला मदत केली. सकाळी नानांना दूध, मग चिकटीला. संध्याकाळी नानांना, मग चिकटीला.

नानांचा ताप उतरू लागला तसा ओट्यावर आंबूस वास येऊ लागला. आधी आम्हाला वाटलं, रवीचं मडकं नीट धुतलं गेलं नसेल. मग एका परळावरचा मांडव उचलला तर पानं काळी पडून मातीला चिकटली होती. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात वर बुरशीची लव. माय एकेक फडकं उचलत गेली. शेवटचं परळ उघडून झाल्यावर ती तिथंच भिंतीला टेकून बसली.

नाना भिंत धरत बाहेर आले. गोधडीत गुंडाळलेले, दाढी वाढलेली. त्यांनी वाकून वास घेतला. "इंदी, यास्वर काय टाकं?"

"दूध," मी म्हणाले.

क्षणभर त्यांना अर्थ लागला नाही. मग ते हसले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. "तुन्ही मायनी यास्लेबी उपदेश दिधा वाटस," ते म्हणाले. मायच्या माहेरी पंथाच्या दीक्षेला उपदेश म्हणतात. मायही पदराआड हसली असती, पण नानांचं हसू मध्येच तुटलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांची पाठ हलत होती. मी माझ्या बापाला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आतून आप्पांच्या खोकण्याचा आवाज आला. दिवाळी तोंडावर होती.

रांजणाखालचं परळ मला तेव्हा आठवलं. धावत जाऊन आणलं. ते मेलेलं नव्हतं, पण जगलंय असंही म्हणवत नव्हतं. सावलीत राहून पानं फिकट हिरवी झालेली, एखादं पान सोडलं तर केसांवर थेंब नाही. नानांनी ते ओंजळीत धरून बराच वेळ पाहिलं. "भुक्यं शे," ते हळूच म्हणाले. "एखादी मुंगी-माशी भेटनी ते जगी. नही ते गयं." त्यांनी ते गोठ्याच्या भिंतीवर ठेवलं, सकाळचं ऊन तिथं पहिलं येतं म्हणून, आणि ते आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी भाकरी झाल्यावर माय नेहमीसारखी पीठ-साखर घेऊन गोठ्याकडे गेली. मी तिच्या मागे दूध काढायची चरवी घेऊन निघाले होते. तिनं पीठ टाकलं. उकिडवी बसली. बोट जमिनीला टेकवलं. मुंगी नेहमीसारखी तिच्या बोटावर चढली. तिला काय ठाऊक. माय ते बोट तसंच जपून उचलत उभी राहिली, आणि भिंतीवरच्या परळाशी नेऊन तिनं ते पानाला टेकवलं. मग डोळे मिटले. मी जवळ गेले तेव्हा मुंगी पानावर होती, तिचे पाय चालत होते आणि ती जागची हलत नव्हती. पानाचे केस एकेक करून तिच्यावर वाकत होते. मायच्या ओठांतून कसलासा जप चालला होता. दारात नाना उभे होते, खांद्यावर गोधडी, आणि तेही पाहत होते. मायनं राखेनं हात घासले, पुन्हा घासले, आणि मला म्हणाली, "चाल, चूल इझी जाई."

परळ तरारलं. पानांना लाली आली, मग एका सकाळी सगळ्याच केसांवर थेंब चमकले, आणि नानांनी मला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला. अशक्तपणानं जमलं नाही, म्हणून माझे दोन्ही हात धरून गोल फिरवलं. दिवाळीचे दिवे लागायच्या आत आम्ही निघालो. गाडीतून शहादा, प्रकाशाला नावेतून तापी, पुढे नंदुरबार आणि तिथून रेल्वे. ते परळ माझ्या मांडीवर, त्यावर वेताची टोपली उपडी. तापीचं पाणी अजून मातकट होतं, नाव इतकी हळू सरकत होती की काठच आमच्यापासून दूर जातोय असं वाटे. नवापूरच्या पुढे झाडी डब्याच्या खिडकीत शिरू लागली. मी टोपली उचलून झाडाला झाडी दाखवली.

सुरतेच्या काचेच्या घराबद्दल मी फार लिहीत नाही, कारण मला ते नीट आठवत नाही. आठवतो तो नुसता हिरवा उजेड आणि छपरातून टपकणारं पाणी. शेठ गोरेपान, मोठ्या नाकाचे, अंगात मलमलीचा सदरा. त्यांनी टोपली उचलली आणि लहान मुलासारखी टाळी वाजवली. "अरे वाह! आ तो जीवतुं छे!" मग भिंग घेऊन वाकले. "अने जमेलुं पण छे!" जेवलेलंही आहे, असं ते म्हणत होते; पानात मुंगीचं वाळलेलं टरफल होतं.

माझी छाती फुगली. शाळेतल्या मराठीत मी त्यांना सगळं सांगितलं. दूध, ताप, माय कधी मुंगीलासुद्धा दुखवत नाही ते, आणि तिनं स्वतःच्या हातानं मुंगी दिली म्हणून हे झाड वाचलं ते. शेठ मोठ्यानं हसले, पण प्रेमानं. "बेटा, हे भुकेनं मरत नाय," ते आपल्या मराठीत म्हणाले. "पाणी पायजे, ऊन पायजे. कीडा भेटला तर ठीक, नाय भेटला तरी ठीक. आपण जेवताना लोणचं घेते ना, तसं. उन्हात कधी ठेवला?"

"पहिलं ऊन त्याच सकाळी लागलं," नाना म्हणाले.

"बस. त्यानीच वाचला." आणि ते नानांचा खांदा थोपटून पुढच्या कामाचं बोलू लागले. काम नानांना मिळालं. मी नानांकडे पाहिलं. ज्या गोष्टीसाठी ते वर्षभर झुरले, ती त्यांच्या हातात पडत होती, आणि त्यांचं लक्ष त्या टरफलावर होतं.

परतीच्या गाडीत चिंचपाड्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला राहवेना. "नाना, शेठ बोलना ते खरं व्हई का?"

"व्हई. त्यास्नी जलमभर तेच करं."

"मंग मायले सांगानं?"

गाडी थांबली, मोहाच्या झाडाखाली कुणीतरी बोचकी बांधत होतं, गाडी सुटली. मग ते म्हणाले, "सांगं, ते मुंगी वाया गयी. तिन्हं पापबी वाया गयं. तुले जसं वाटी तसं कर, इंदी. मन्ही जीभ उचलाव नही."

मायनं दारातच आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. "जितं पोचनं का?" तिनं विचारलं. "पोचनं," मी म्हणाले, आणि ती उंबऱ्याशीच बसली. आप्पा ओट्यावरून उठून आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. एवढ्यावरून त्यांना आनंद झाला हे आम्ही ओळखलं. शेठनी घारीचा डबा दिला होता. तुपानं माखलेली, आत मावा भरलेली सुरतेची घारी. मी पहिली मायपुढे धरली.

"माले नको. मी गोड सोडं."

"कसाले?"

"साखर देखाडीसन धरी ना मी मुंगीले," माय म्हणाली. तिनं गोठ्याच्या भिंतीकडे पाहिलं. "जे देखाडीसन धरं, ते मन्हा तोंडमा नको."

शेठचं वाक्य माझ्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. माझ्या ज्या तोंडात कधी तीळ भिजला नाही, त्या तोंडात मी ते वाक्य धरून उभी. नानांच्या हातात घारीचा तुकडा होता, अर्ध्यावर उचललेला. गोडासाठी जीव टाकणारा माणूस. त्यांनी तो तुकडा परत डब्यात ठेवला. "मन्हीबी दाढ दुखी ऱ्हायनी," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले. मग मी एक अख्खी घारी तोंडात कोंबली. ते वाक्य गिळायला तोंडात काहीतरी हवं होतं.

त्यानंतर नानांची दाढ जन्मभर दुखली. पुरणाची पोळी असो, लग्नातली बुंदी असो, दाढ दुखायची. ते शेठना झाडं पुरवत राहिले, डोंगरात जात राहिले, आणि आप्पा पाहुण्यांना सांगू लागले, "मन्हा भाऊ सुरतले झाडं इकस, असातसा नही तो." माय मुंग्यांना पीठ-साखर टाकत राहिली, पण उभ्यानं, लांबून. बोट तिनं पुन्हा कधी जमिनीला टेकवलं नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिले की आयुष्यात एक गोष्ट तरी मी पोटात ठेवली.

एका दिवाळीला मी मुलांना घेऊन माहेरी गेले होते. नाना ओट्यावर उन्हात बसलेले. तोंडाचं पार बोळकं झालेलं. मी बेसनाचा लाडू पुढे केला.

"नको वं. दाढ दुखस."

माझी मुलं फिस्सकन हसली. माय दारात बसून वाती वळत होती. ती हसली नाही. "कोन्ती दाढ?" तिनं विचारलं.

माय उठून आली आणि तिनं माझ्या हातातला लाडू घेतला. "इंदी, तू लहानपने झोपमा भलती बडबडे," ती म्हणाली. "सुरतथून तुमी उनात, त्याच राती तू सगळं सांगं. मुंगी वाया गयी, मायले सांगू नको."

एवढी वर्षं. मी विचारलं, "मंग तू बोलनी काब्र नही?"

"काय बोलू? मुंगी ते मरनीच ना. आनि तुन्हा बाप गोडना कितला भुक्या, तुले ठाऊक शे. त्यास्नी मन्हासाठे सोडं. मी सांगती, ते त्यास्नंबी वाया जातं." मग ती नानांकडे वळली. आम्हा सगळ्यांसमोर, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "आते दाढ नही ऱ्हायनी. तुमना बहाना सरना. खा."

तिनं लाडू मोडला आणि अर्धा त्यांच्या तळहातावर ठेवला. ओट्याच्या कडेनं मुंग्यांची ओळ चालली होती. माय गुडघ्यांवर हात देत हळूहळू उकिडवी बसली, आपल्या अर्ध्यातला एक कण बोटावर घेतला आणि बोट जमिनीला टेकवून थांबली. एक मुंगी आली, बोटावर चढली, हाताच्या मागच्या बाजूनं फिरली आणि खाली उतरून आपल्या ओळीत गेली. मग मायनं उरलेला लाडू तोंडात टाकला.